होडी नव्हतीच

‘पुन्हा पाहू’ मंडळात समीक्षक जिंकायला लागले, तेव्हाच कुठंतरी पाणी मुरतंय हे विजयमालाच्या ध्यानात यायला हवं होतं. पाण्याचा संशय घेणं हा तर तिचा पोटापाण्याचा धंदा. कोल्हापूरच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत तिची उभी हयात गेली होती, आणि निवळशंख दिसणाऱ्या पाण्यावर तिचा सगळ्यांत कमी विश्वास होता. पण रविवारी सकाळी माणूस जरा सैल असतो.

मंडळाची खोली मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या माडीवर. काम एवढंच की जुना सिनेमा लावायचा, तो पुन्हा पाहायचा, आणि तो नवा असताना त्याच्यावर जे छापून आलं होतं ते मग मोठ्यानं वाचायचं. वाचन झालं की प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका. समोर दोन पितळी तांबे. एकावर ‘सिनेमा’ अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर ‘समीक्षक’. ज्याचं खरं वाटेल त्याच्या तांब्यात चिंचोका टाकायचा. विजयमालाच्या लहानपणापासून हा खेळ चालू होता आणि तेव्हापासून समीक्षक बिचारे सपाटून मार खात आले होते. सिनेमा म्हणजे कोल्हापूरकराच्या घरचं कार्य. त्याला कुणी नावं ठेवलेली तो ऐकून कशी घेणार?

गेल्या काही वर्षांत मात्र वारं फिरलं. समीक्षकानं एखाद्या नायकाला ‘ओंडका’ म्हटलेलं असायचं, आणि बघावं तर नायक खरंच ओंडका. समीक्षकानं म्हटलेलं असायचं की मधली गाणी रटाळ आहेत, आणि गाणी लागली की गिरणीचा आवाज बरा वाटायचा. “आपण पोरं होतो तवा. काय कळत होतं?” असं म्हणत चौगुलेकाका समीक्षकाच्या तांब्यात चिंचोका टाकायचे. वय झालं की अक्कल येते, असं ज्यानं त्यानं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

त्या रविवारी ‘पैलतीरची शाळा’ लावला होता. हा मंडळाचा लाडका, दरवर्षी एकदा व्हायचाच. नदीपलीकडच्या वस्तीवर शाळा चालवणारी एक मास्तरीण, तिच्या मागं लागलेला शहरचा इंजिनिअर, आणि शाळा सोडून त्याच्याबरोबर जायचं की नाही हा पेच. मास्तरणीचं काम नलिनी वाघोले या बाईंनी केलेलं. या एका सिनेमानंतर त्या पडद्यावर फारशा दिसल्या नाहीत, पण मंडळातल्या म्हाताऱ्यांच्या मनातून कधी गेल्याही नाहीत. शेवटच्या दृश्यात इंजिनिअर होडीत बसून निघाला आणि नलिनीबाई काठावर उभ्या राहून ढसाढसा रडत हात हलवू लागल्या. कुणीतरी नाक ओढलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आप्पा म्हणाले, “ह्यो वल्ह्याचा आवाज कशाचा येतोय?”

आप्पा म्हणजे विजयमालाचे वडील, बाळगोंडा माणगावे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, चौऱ्यांशी वर्षांचे. मंडळ काढलं त्यांनी आणि चौगुलेकाकांनी. सहाएक वर्षांपूर्वी आप्पांच्या दोन्ही डोळ्यांच्या ऐन मधोमध डाग पडला. कडेचं दिसे, समोरचं नाही. तेव्हापासून ते सिनेमा ऐकायला यायचे. गेल्या वर्षीचा ‘पैलतीर’ मात्र त्यांचा आजारपणात चुकला होता.

“होडीचा की रं,” चौगुलेकाका म्हणाले. “गेला न्हवं त्यो होडीतनं.”

“होडी नव्हतीच.”

 सगळ्यांना आप्पांबद्दल आदर होता, म्हणून एकदोघांनी नुसतं एकमेकांकडे पाहिलं. चौगुलेकाकांनी मित्राच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “हाय रं, बाळगोंडा. पहिल्यापासनंच हाय.”

विजयमालानं मान खाली घातली. तिला वडिलांची लाज वाटली, आणि लाज वाटल्याची त्याहून जास्त लाज वाटली. उद्या त्यांना स्मृती केंद्रात न्यायचं होतं.

*

ऐंशीच्या पुढच्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसाला आता दरवर्षी ‘स्वाधीन दाखला’ काढावा लागे. तुमची आठवण शाबूत आहे, तुमच्या सहीला अर्थ आहे, तुम्ही तुमच्या घरात तुमच्या मर्जीनं राहू शकता, असं सांगणारा तो दाखला. तीन संधी. तिन्ही हुकल्या की सही पालकाकडे जाते, आणि माणूस सोबतनिवासात. सोबतनिवास वाईट नव्हते. स्वच्छ होते, वेळेवर जेवण होतं. आप्पा म्हणायचे, पांजरपोळही स्वच्छच असतो.

पहिली संधी गेल्या महिन्यात हुकली होती.

परीक्षेची रीत अशी की म्हाताऱ्यानं आपल्या आवडीचा, अनेकदा पाहिलेला सिनेमा सांगायचा. केंद्रात तो लावतात, मध्येच थांबवतात आणि विचारतात, पुढं काय? डॉक्टर केळुसकर नावाचा तरुण, अदबशीर मुलगा होता. त्यानं विजयमालाला हे नीट समजावून सांगितलं होतं. “घरच्या आठवणी विचारल्या तर घरचे लोक पढवून आणतात, ताई. सिनेमा सगळ्यांचा असतो. त्याला कुणी पढवू शकत नाही.”

आप्पांनी अर्थात ‘पैलतीरची शाळा’ सांगितला होता. दुसऱ्या खेपेलाही तोच.

“आजोबा, इंजिनिअर दारात उभा आहे. आता काय होतं?” केळुसकरनं विचारलं.

“ती दार लावती,” आप्पा म्हणाले. “हातात पोरांच्या पाट्यांची चळत असती, म्हणून कोपरानं लावती. बंद दार दिसतं आणि सिनेमा संपतो. लई मोठा शेवट हाय त्यो. रडं न्हाई, काय न्हाई.”

केळुसकरनं दृश्य पुढं सोडलं. नदी, होडी, काठावर रडणारी नलिनीबाई. त्यानं विजयमालाकडे पाहिलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

“माणूस विसरतो ते एक वेळ ठीक,” बाहेर आल्यावर तो तिला म्हणाला. “पण नसलेलं इतक्या खात्रीनं सांगतो, तेव्हा काळजी वाटते. ताई, तिसरी संधी आहे अजून. पण तुम्ही मनाची तयारी ठेवा.”

मनाची तयारी तिनं कधीच सुरू केली होती, आणि तेच तिला खात होतं. महिनाभर ती आप्पांवर पाळत ठेवून होती. राजारामपुरीतल्या आपल्या घरून दोनदा फोन, संध्याकाळी चक्कर. गॅस बंद आहे का, गोळ्या घेतल्या का. एकदा आप्पांनी चहात मीठ घातलं. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून घातलं की डोक्यानं? एकदा त्यांनी तिला ‘इंदू’ म्हणून हाक मारली. इंदू म्हणजे तिची आई, जाऊन नऊ वर्षं झाली होती. हाक तिनं मनात नोंदवून ठेवली, आणि लगेच स्वतःचा राग आला. बापाच्या बोलण्यातून नमुने गोळा करणारी मुलगी आपण कधी झालो?

रिक्षात आप्पा म्हणाले, “पाण्याची बाटली बघावी तशी बघतीस हल्ली माझ्याकडं.”

“तुम्हाला कसं दिसतं, आप्पा?”

“कडेचं दिसतं की.”

*

तिनं ठरवलं, वाद मिटवून टाकायचा. मंडळाच्या भिंतीवर त्या सिनेमाची मूळ समीक्षा चौकटीत लावलेली होती. ‘त्रयस्थ’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या कुणीतरी सिनेमा लागला त्याच आठवड्यात लिहिलेली. तिनं चौकट उतरवून आप्पांच्या घरी आणली आणि शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. “‘अखेरीस नायक होडीतून निघून जातो आणि काठावर उभी राहून नायिका अश्रू ढाळते, ही भाबडी क्लृप्ती आता शिळी झाली आहे.’ ऐकलंत? छापलेलं आहे. त्याच आठवड्यातलं. आता तरी माना.”

आप्पा हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला.

“अगं, तीच तर गंमत! त्यो इंटरव्हलला उठून गेलेला. बाहेर पोस्टरवर होडी होती, मधल्या गाण्यातली. ती बघून यानं शेवट होडीत बसवून टाकला. म्हणून तर ती समीक्षा आपण चौकटीत लावली. विसरलीस व्हय?”

विजयमालाला पटलं नाही. केळुसकरनं बजावून सांगितलं होतं की नसलेल्या आठवणीला माणूस नसलेली कारणंही जोडतो. हे कारण तर फारच नेटकं होतं. तिनं चौकट पिशवीत घातली.

पण जिना उतरताना तिच्या कानात हसू आलं. आप्पांचं नव्हे, खोलीभर माणसांचं. ती सात-आठ वर्षांची होती. चौगुलेकाका तेव्हा काळ्याभोर मिशांचे. ते त्रयस्थाची समीक्षा नाटकी आवाजात वाचत होते, आणि ‘होडी’ हा शब्द आला की सगळी माडी हसून लोळत होती. आप्पा खुर्चीवर चढून छत्रीनं वल्हं मारत होते. ती आईच्या मांडीवर बसून टाळ्या पिटत होती. दरवर्षी हेच व्हायचं.

ती जिन्यातच थांबली. सिनेमात होडी असती, तर होडीला हसायचं काय कारण?

संशयानं त्या क्षणी कूस बदलली. इतके दिवस तो आप्पांवर होता. आता तो बाकी सगळ्या जगावर गेला, आणि विजयमालाला महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

तशीच ती चौगुलेकाकांकडे गेली. “काका, होडीला आपण हसायचो. का हसायचो?”

काकांनी आठवून पाहिलं. “हसायचो, व्हय. हसायचो खरं.” त्यांचा चेहरा गोंधळला. “का गं हसायचो? तशी होडी मला दिसती की डोळ्यापुढं.”

“कधीपासून दिसते?”

हा प्रश्न काकांना आवडला नाही. त्यांनी तिला चहा विचारला.

*

सिनेमे जिथं साठवलेले असतात त्या ‘चित्रपेढी’च्या केंद्रात विजयमाला दर महिन्याला जायची. शहराबाहेरच्या माळावरची ती बिनखिडक्यांची इमारत. आतली यंत्रं तापतात, त्यांना थंड ठेवायला पाणी लागतं, आणि ते पाणी तपासायला विजयमाला. तिथली मुख्य तंत्रज्ञ मेहेर मुजावर पूर्वी तिच्याच प्रयोगशाळेत होती. विजयमालानं पाण्याच्या बाटल्या भरल्या, झाकणं लावली आणि मग विचारलं, “मेहेर, तुम्ही सिनेमे बदलता का गं?”

“बदलत नाही,” मेहेर म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “उगवतो.”

मेहेरनं सांगितलं ते असं. पाण्याचा कोटा कमी झाला तसं सगळंच्या सगळं साठवून ठेवणं परवडेना. एका सिनेमात लाख-दीड लाख चित्रं. फार थोडे लोक बघतात अशा जुन्या सिनेमांचं मग ‘बीज’ करून ठेवायला सुरुवात झाली. बीज म्हणजे सिनेमाचा सांगाडा. माणसांचे चेहरे, आवाज, जागा, कुठल्या दृश्यानंतर कुठलं दृश्य. कुणी सिनेमा मागितला की यंत्र त्या बिजातून तो पुन्हा उगवून देतं, चित्र न् चित्र नव्यानं काढून.

“सांगाड्यावर मांस कुठून आणतं?”

“त्या सिनेमाबद्दल जगात जे जे लिहिलंय त्यातून. परीक्षणं, चर्चा, गाण्यांची पुस्तकं, पोस्टरं. प्रत चांगली असेल तर फार भर घालावी लागत नाही. पण जुन्या मराठी सिनेमांच्या प्रती म्हणजे...” मेहेरनं हात झाडला. “तुमच्या ‘पैलतीर’चं शेवटचं रीळ बुरशीनं खाल्लेलं होतं. दार दिसत होतं, पुढं सगळं धूसर. तिथं यंत्र लिहिलेल्यावर भिस्त ठेवतं. नाव आणि तारीख असलेल्या लेखाला वजन जास्त. आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली सापडली, तर आणखी जास्त.”

“ती समीक्षा तर एकच आहे.”

मेहेरनं पडद्यावर काहीतरी काढलं आणि तिला हसू आवरेना. “एकच? ‘पुन्हा पाहू’ मंडळ, कोल्हापूर. दरवर्षी सबंध समीक्षा मंडळाच्या पानावर. खाली तुमच्या सभासदांच्या प्रतिक्रिया. होडी, होडी, होडी. काय ती होडी, धन्य ती होडी. शेकड्यांनी आहेत, विजूताई.”

“अगं, ती चेष्टा होती!”

“यंत्राला चेष्टा कळत नाही. त्याला मोजता येतं.”

विजयमाला तिथल्या स्टुलावर बसली. म्हणजे समीक्षकानं ओंडका म्हटलेला नायक ओंडका का झाला, ते कळलं. समीक्षकांचे शब्द जमिनीत मुरले होते आणि तेच झाडाला लागत होते. होडी मात्र मंडळानं आपल्या हातानं पेरली होती, तीस-चाळीस वर्षं, हसत हसत. मग ती पडद्यावर उगवली. म्हाताऱ्यांनी एकदा बघितली, दोनदा बघितली, आणि जुन्या आठवणीवर नवी चढली. आप्पांच्या आठवणीवर काही चढलं नाही, कारण आप्पांना पडदा दिसतच नव्हता.

“हे डॉक्टरांना लिहून दे,” ती म्हणाली.

“दिलं असतं. पण बिजाबद्दल बाहेर बोलायचं नाही अशी नोकरीची अट आहे. आणि लिहून दिलं तरी तो विचारेल, मूळ शेवट काय होता ते दाखवा. ते कुणाकडंच नाही.” मेहेरनं आवाज खाली आणला. “एक मार्ग आहे. प्रत्यक्षदर्शीची साक्ष. मूळ सिनेमा थिएटरात बघितलेला, जिवंत, नावानिशी सांगणारा माणूस. त्याचं वजन समीक्षकाहून जास्त. पंधरवड्यात सिनेमा सुधारून उगवतो.”

“म्हणजे आप्पांनी सांगायचं आणि सिनेमानं ऐकायचं.”

“तसंच काहीसं.”

विजयमालाला हेही फारसं आवडलं नाही. पण तिसऱ्या परीक्षेची तारीख पुढच्या महिन्यात होती.

*

साक्षीसाठी आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला. मेहेरनं पाठवलेला दुवा विजयमालानं टेबलावरच्या संगणकावर उघडला. यंत्रानं आप्पांचं नाव विचारलं, थिएटर कोणतं, कुणाबरोबर पाहिला. आप्पांनी सांगितलं, पहिल्यांदा चौगुलेबरोबर कॉलेज बुडवून, आणि लग्नानंतर पुन्हा लागला तेव्हा इंदूबरोबर. मग यंत्रानं विचारलं, साक्षीदाराची आठवण पारखण्यासाठी घरातली जुनी छायाचित्रं आणि चित्रफिती पाहिल्या तर चालेल का? विजयमालानं ‘चालेल’ म्हटलं. पारख करतात ही चांगलीच गोष्ट, असं तिला वाटलं.

आप्पा सांगू लागले, ती टंकित करू लागली. चित्रकलेचे मास्तर ते. हवेत बोटानं रेघा ओढत सांगत होते. दार कुठं, उंबरा कुठं, उजेड कुठल्या अंगानं. “त्यो म्हणतो, येणार न्हाईस? ती काय बोलत न्हाई. पाट्यांची चळत उजव्या हातात धरती. डाव्या हातानं पदर खोचती, असा. आणि मग वळताना डाव्या कोपरानं दार ढकलती, मागं न बघता. लावून झालं की एकदा टाच लावून बघती, बसलं का म्हणून.”

विजयमालाची बोटं थांबली.

आई डावखुरी होती. तिच्या सासूबाईंनी आयुष्यभर त्यावरून टोमणे मारले. वाढतानाही डावा हात पुढं यायचा. हातात वाणसामान असलं की आई असंच डाव्या कोपरानं फडताळ लावायची, आणि मग टाच लावून बघायची.

“आप्पा,” ती म्हणाली, “हे नलिनी वाघोलेंनी केलं की आईनं?”

आप्पांचं हवेतलं बोट तसंच राहिलं. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. ते म्हणाले, “इंदूनं त्यो सिनेमा बघून तसं दार लावायला सुरुवात केली, का मी इंदूला बघून बघून सिनेमात तिला बघायला लागलो... न्हाई सांगता येत, विजू. खोटं कशाला बोलू?” त्यांनी ते बोट टेबलावर टेकवलं. “पण दार होतं. होडी नव्हती. एवढं मी मरताना पण सांगीन.”

प्रयोगशाळेत असा नमुना आला असता, तर विजयमालानं तो ओतून टाकून दुसरा मागवला असता. इथं दुसरा नमुना नव्हता. तिनं वडिलांकडे पाहिलं. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. त्यांना या घरातून उचलून स्वच्छ जागी नेऊन ठेवायचं, त्यांची सही आपण करायची, तेही त्यांनी पाहिलेलं खरं सांगितलं म्हणून. ती चिडली. त्रयस्थावर, यंत्रावर, केळुसकरवर आणि हसऱ्या मंडळावर.

तिनं डावं कोपर लिहिलं. टाचही लिहिली. आणि पाठवून दिलं.

*

तिसऱ्या परीक्षेला केळुसकरनं सिनेमा लावला तेव्हा विजयमाला आप्पांच्या शेजारी बसली होती.

“आजोबा, इंजिनिअर दारात उभा आहे. आता काय होतं?”

आप्पांनी सांगितलं. शब्द न् शब्द तेच. केळुसकरनं सुस्कारा टाकला आणि दृश्य पुढं सोडलं.

नदी आली नाही. नलिनीबाईंनी चळत उजव्या हातात घेतली, डाव्या हातानं पदर खोचला, वळता वळता कोपरानं दार ढकललं, टाच लावून पाहिली. बंद दार. समाप्त.

केळुसकरचं तोंड उघडं राहिलं. त्यानं दृश्य मागं घेऊन पुन्हा पाहिलं, मग आपल्या नोंदी पाहिल्या. “मागच्या वेळी प्रतच चुकीची लागली असणार,” तो शेवटी म्हणाला, आणि त्याला स्वतःलाही हळूहळू ते पटत गेलेलं विजयमालानं पाहिलं. “माफ करा, आजोबा. तुमची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे.” त्यानं दाखल्यावर सही केली.

आप्पा लहान मुलासारखे खूश झाले. “विजू, कशी दिसली गं ती?”

 चेहरा नलिनी वाघोलेंचाच होता, आवाज त्यांचा, लुगडं त्यांचं. पण वळण आईचं होतं. खांद्यातला तो किंचित झोक, टाच लावताना मान कलती होणं, पदर खोचल्यावर हात कमरेवर क्षणभर ठेवणं. यातलं बरंचसं आप्पांनी सांगितलंच नव्हतं. घरातल्या जुन्या चित्रफितींत ते होतं. बारशाच्या, वाढदिवसाच्या, संक्रांतीच्या. यंत्रानं पारख करता करता ते उचललं होतं, आणि तिनं स्वतः ‘चालेल’ म्हटलं होतं. आता जगात जो कुणी तो सिनेमा मागेल त्याला हेच दिसणार होतं. कुठल्यातरी अनोळखी बाईनं आयुष्यात एकदा मनापासून केलेलं काम पुसलं गेलं होतं, आणि तिथं आई उभी होती. तक्रार करावी तर होडी परत येईल.

“तुम्ही सांगितलीत तशीच, आप्पा,” ती म्हणाली.

घरी आल्यावर ती भाजी निवडायला बसली, आणि मुद्दाम नव्हे, सहज, आईची आठवण काढली. स्वयंपाकघर, फडताळ, हातात वाणसामान. आई वळली, कोपरानं फडताळ लावलं. विजयमाला बघत राहिली. आईच्या हातात वाणसामान नव्हतं. पाट्यांची चळत होती. आणि आई काळ्यापांढऱ्यात होती.

तिनं डोकं झटकलं, पुन्हा आठवून पाहिलं. आईची ती अबोली साडी. कोणत्या काठाची होती? मघापर्यंत तिला ते ठाऊक होतं. एकदाच पाहिला होता तिनं तो शेवट. चौगुलेकाकांनी होडी दोनदा पाहिली होती.

*

पुढच्या रविवारी मंडळानं आप्पांच्या दाखल्यासाठी पेढे आणले आणि आग्रहानं ‘पैलतीरची शाळा’ पुन्हा लावला. मागच्याच महिन्यात होडीला नाक ओढणारी माणसं आठवडाभरात घरी तो पाहून आली होती, आणि आता दाराची वाट बघत होती.

“मी म्हणत नव्हतो?” चौगुलेकाका सगळ्यांना सांगत होते. “पहिल्यापासनं दारच होतं. बाळगोंडाची आठवण म्हणजे दगडावरची रेघ. आणि बाई डावखुरी होती बरं का, मला चांगलं आठवतंय.” त्यांच्या डोळ्यांत लबाडीचा मागमूस नव्हता. विजयमालाला लबाडी परवडली असती.

चिंचोके आज आधीच वाटले होते; एक तिच्या मुठीत होता. समीक्षकाच्या तांब्यात टाकावा तर समीक्षक आता तिचाच बाप. सिनेमाच्या तांब्यात टाकावा तर सिनेमा कोणता? तिनं तो पर्सच्या कप्प्यात टाकला आणि पहिल्या रांगेत आप्पांशेजारी जाऊन बसली.

शेवट जवळ आला. इंजिनिअर दारात येऊन उभा राहिला, त्याच्या बुटांचा आवाज झाला. “येणार नाहीस?” त्यानं विचारलं. विजयमालानं डोळे गच्च मिटून घेतले. अबोली साडी, अबोली साडी, असं ती मनात म्हणत राहिली. काठ हिरवा असावा. हिरवाच असावा. दाराची फळी कुरकुरली.

शेजारून आप्पांनी तिचा हात चाचपला आणि तिच्या कानाशी वाकून विचारलं, “लावलं का गं दार तिनं?”

“लावलं, आप्पा,” ती डोळे न उघडता म्हणाली.